जुन्या तुळईच्या सागवानातून हेडफोन स्टँड करून घ्यायचाय, कोल्हापुरात कुणी केलाय का?

खर्जातला_सा (राजारामपुरी)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय मला नेमकं काय पाहिजे ते कळायचं नाही, म्हणून सगळंच लिहितो.

माझ्याकडं सेनहायझरचा एचडी ६५० हेडफोन आहे, पहिल्या बोनसमधनं घेतलेला, जीवापाड जपलाय. रोज रात्री जेवणं झाली की तासभर बसतो. केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर, सगळं जयपूर-अत्रौली घराण्याचंच गाणं. ते घराणं उभं करणारे अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी इथंच होते, त्यामुळं हे गाणं मला आपल्या गावचंच वाटतंय.

आता अडचण. हेडफोन इतके दिवस टेबलाच्या कडेला एका लोखंडी हुकावर लटकत होता. हूक बोटाएवढा बारीक. चार वर्षांत हेडबँडच्या आतल्या फोमला मधोमध खड्डा पडलाय आणि आता तासभर घातला की टाळूवर बरोबर त्याच जागी टोचतंय. मधे एक स्टँड ऑनलाइन मागवला होता, पानावर 'सॉलिड शिसवी' असं लिहिलेलं. आला तेव्हा देखणा होता, पण दुसऱ्या पावसाळ्यात त्याचा बेस खालनं फुगला, कोपऱ्याचा पापुद्रा उचलला आणि आत बघतोय तर दाबलेला भुसा. एमडीएफ. दोन हजार गेले त्याचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते शिसवी म्हणून लोकांना सांगत होतो त्याचं.

आता मूळ गोष्ट. शिवाजी पेठेतलं आमच्या आजोबांचं घर गेल्या उन्हाळ्यात उतरवलं. बाकीचं लाकूड विकलं, पण माजघरावरच्या सागवानी तुळईचा साडेतीन फुटाचा एक तुकडा मी मागून घेतला. त्या तुळईच्या कडीला आम्हा सगळ्या भावंडांचा पाळणा टांगलेला असायचा. बाहेरनं धुरानं काळी पडलीय, खिळे आहेत, एका बाजूला वाळवीनं थोडं खाल्लंय. ह्यातनं स्टँड होईल का? कुणाकडं द्यायचा, मापं काय ठेवायची, पॉलिश कसलं? एका मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले एवढ्याशा कामाला कोण हात लावणार, आणि दुसरे म्हणाले हे जुनं टाका की, सनमायका लावून मस्त करून देतो. म्हणून इथं विचारतोय.

वखारवाला (शाहूपुरी)

होतंय की भावा, का होणार नाही. माझे वडील आणि आजोबा सुतारकीच करत होते, मी वखार बघतो, त्यामुळं लाकडाचं तेवढं सांगतो, हेडफोनचं दुसरं कुणीतरी सांगेल.

पहिली गोष्ट, ती तुळई टाकू नको. साठसत्तर वर्षं छपराखाली राहिलेलं सागवान म्हणजे जेवढं हलायचं पिळायचं होतं तेवढं हलून पिळून झालेलं लाकूड. आज वखारीतनं नवीन सागवान आणलंस तर ते वाळलंय का नाही हे बघण्यातच तुझे दोन महिने जातील, आपल्याकडं जूनपासून हवा किती ओली असते तुला माहीतच आहे. वाळवीचं म्हणशील तर वाळवी सागाचा गाभा सहसा खात नाही, बाहेरचं पांढरं लाकूड खाते. वरचा इंच अर्धा इंच उतरवला की आत मधाच्या रंगाचं स्वच्छ निघेल बघ, आणि तो वास येईल.

दुसरी गोष्ट खिळे. सॉ मिलवाले जुन्या तुळया कापायला का कू करतात ते ह्याच्यासाठीच, एक खिळा लागला की पात्याचे दात गेले, आणि तुटलेला दात कुठं उडेल सांगता येत नाही. त्यामुळं नेण्याआधी घरी बसून सगळे खिळे काढ. वरनं दिसतात ते पक्कडनं निघतील. न दिसणाऱ्यांसाठी युक्ती सांगतो, तुझ्याकडं जुना बिघडलेला स्पीकर असेल तर त्याचं मागचं गोल चुंबक काढ, दोऱ्याला टांग आणि लाकडावरनं अगदी हळू फिरव, जिथं चुंबक ओढ घेईल तिथं खडूनं खूण कर. डोकं तुटलेले खिळे असे सापडतात. आमच्याकडं आजोबा असंच करायचे.

तिसरी गोष्ट सांधा. हे नीट वाच कारण बहुतेक स्टँड इथंच मोडतात. खांबाच्या लाकडाच्या रेषा उभ्या असणार, वरच्या खोगिराच्या, म्हणजे हेडबँड टेकतो त्या तुकड्याच्या, आडव्या. खांबाचं वरचं तोंड नुसतं फेविकॉल लावून खोगिराला चिकटवलं तर ते धरत नाही, कारण रेषेच्या तोंडावर फेविकॉल आत शोषला जातो आणि सांध्यात काही उरतच नाही. खांबाच्या टोकाला कूस, म्हणजे खाचेत बसणारी जीभ काढायची, खोगिराला नि बेसला तशीच खाच पाडायची, आणि कूस हातानं दाबून बसली पाहिजे, हातोडीनं ठोकावी लागली तर घट्ट झाली आणि हलवल्यावर खुळखुळली तर वाया गेली. साग तेलकट असतंय, म्हणून सांध्याच्या जागा चिकटवायच्या आधी थिनरच्या फडक्यानं पुसून घ्यायला सांग, मग फेविकॉल, मग शिकंज्यात घट्ट आवळून एक दिवस हात लावायचा नाही.

मिस्त्री कुठले बघायचे तर मॉड्युलर किचनवाल्यांकडं जाऊ नको, त्यांचं काम प्लायचं. टिंबर मार्केटच्या आसपास देव्हारे, चौरंग, पाट करणारे जुने लोक अजून आहेत, ते रंधा पटाशीवर काम करतात. त्यांच्याकडं जा, आणि जाताना हेडफोन घेऊन जा. नुसता फोटो दाखवून काम दिलंस तर फोटोसारखंच होईल, हेडफोनसारखं होणार नाही.

ओपन_बॅक (कागल)

वखारवाले दादांनी लाकडाचं सांगितलंय, मी मापांचं सांगते कारण मी आतापर्यंत दोन करून घेतलेत आणि पहिला चुकला होता.

पहिल्यात चूक अशी झाली की मी खांब दणकट पाहिजे म्हणून डावीकडून उजवीकडं सहा सेंटीमीटर जाड ठेवायला सांगितला. दिसायला भक्कम. पण हेडफोन अडकवल्यावर दोन्ही कप आतल्या बाजूला येतात ना, ते खांबाला येऊन चिकटले आणि रात्रंदिवस दाबून राहिले. दोन महिन्यांत पॅडवर सरळ उभा दाब पडला. आणि तुझा एचडी ६५० तर नवा असताना कानाला चांगलाच आवळून बसतो, त्याचे कप सुटे सोडले की एकमेकांकडं धावतातच. म्हणून खांब समोरून बघताना बारीक ठेव, अडीच तीन सेंटीमीटर, आणि पुढून मागं मात्र सहा सात सेंटीमीटर रुंद. ताकद तेवढीच राहते. किंवा खांब मागच्या बाजूला सरकवून वरचं खोगीर पुढं काढायचं, म्हणजे कपांच्या मधे काहीच येत नाही. माझा दुसरा स्टँड तसाच आहे, फक्त त्याला बेस पुढं लांब घ्यावा लागला, नाहीतर हेडफोन ठेवला की डोकं पुढं जातंय.

काहीजण सांगतील की स्टँड डोक्याएवढा रुंद करा म्हणजे पॅडचा आकार राहतो. जर्मनीतल्या सीव्हकिंगचा तो ओमेगा आकाराचा वाकवलेल्या लाकडाचा स्टँड प्रसिद्ध आहे, तो त्याच विचाराचा. मला ते रोजच्या वापराला पटत नाही. दिवसाचे बावीस तास हेडफोन ताणलेला राहिला तर पकड सैल होणारच, आणि ज्याला पकड मुळातच जास्त वाटतेय त्याला ते सोयीचं आहे, ज्याला बरोबर वाटतेय त्याला नाही. तुला कुठलं ते तूच ठरव.

खोगिराची कमान कशी घ्यायची सांगते. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घे, हेडफोन डोक्यावर जेवढा ओढून घालतोस तेवढाच ओढून टेबलावर आडवा ठेव, मधे पुठ्ठा धरून हेडबँडच्या आतली कमान पेन्सिलनं उतरव आणि काप. तो पुठ्ठा मिस्त्रींना द्यायचा. कमानीची रुंदी हेडबँडपेक्षा सेंटीमीटरभर जास्त, आणि दोन्ही कडा चांगल्या गोल मारलेल्या, बोट फिरवल्यावर कुठंही धार लागता कामा नये. फोमला खड्डा पडतो तो वजनानं नाही, एवढ्याशा जागेवर सगळं वजन आल्यानं. एचडी ६५० वायर सोडून फक्त २६० ग्रॅमचा आहे, माझा हायफायमॅन सुंदारा ३७२ ग्रॅमचा, तरी त्याला काही झालं नाही कारण त्याचा डोक्यावरचा पट्टा अक्षरशः तळहातभर जागेवर टेकतो.

उंची मोजताना कपांच्या खाली निदान पाच सहा सेंटीमीटर मोकळे सोड. तुझ्या हेडफोनच्या वायरी दोन्ही कपांच्या बुडातनं निघतात, बेसला टेकल्या की तिथंच रोज मुरगळणार आणि वायर आतनं तुटते ती तिथंच.

पन्हाळ्याचा_वारा

भावा तुळईचा फोटो टाक की आधी. आणि शिसवाचंच का नाही करत, सागापेक्षा भारी दिसतंय.

वखारवाला

शिसव देखणं आहेच, पण चांगलं शिसव आता सहजासहजी मिळत नाही आणि अख्खा शिसवाचा वंश २०१७ पासून साइटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या झाडाप्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, म्हणजे परदेशी व्यापाराला कागदपत्रं लागतात. त्यामुळं कोण स्वस्तात 'शिसवी' म्हणून विकत असेल तर बहुतेक वेळा दुसऱ्या लाकडाला काळा रंग दिलेला असतो, किंवा ह्यांना मिळालं तसं एमडीएफला कागद चिकटवलेला. ओळखायचं कसं तर स्टँड उलटा करून बेसची कड बघायची. खऱ्या लाकडाची रेष वरच्या तोंडावरनं कडेवर उतरते, तोंडावर एक आणि कडेवर भलतीच दिसली तर कागद आहे समजायचं.

आणि ह्यांच्या बाबतीत प्रश्नच नाही. आजोबांच्या तुळईचं लाकूड घरात असताना दुसरं आणायचं कशाला.

नाद_ऐकणारा (गोकुळ शिरगाव)

पॉलिशबद्दल माझा अनुभव सांगतो, कारण माझं नुकसान झालंय आणि तुझं होऊ नये.

मी आंब्याच्या लाकडाचा स्टँड करून घेतला, मिस्त्रींनी त्याला मेलामाईन मारलं, आरशासारखं. दुपारी आणला, हाताला कोरडा लागत होता, रात्री हेडफोन ठेवला. एप्रिलचे दिवस, खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. चार दिवस मी गावाला गेलो. आलो आणि हेडफोन उचलला तर चर्रर्र आवाज आला, हेडबँडचं रेक्झिन पॉलिशला चिकटलेलं आणि बोटाच्या नखाएवढे तीन तुकडे लाकडावर राहिले. हेडबँडवर खालचं पांढरं कापड दिसायला लागलं. दुरुस्ती काही नाही त्याला, पूर्ण हेडबँड बदलावा लागला.

नंतर एका पॉलिशवाल्या मामांनी समजावलं की वरनं कोरडं लागणं वेगळं आणि आतनं पक्कं होणं वेगळं, आतला थिनर कितीतरी दिवस बाहेर पडत असतो, आणि रेक्झिनमध्ये जे मऊ ठेवायला घातलेलं असतं ते पण उलट पॉलिशला मऊ करतं. दोघं मिळून चिकटतात. त्यामुळं पॉलिश कुठलंही असू दे, आणल्यावर निदान तीन आठवडे रिकामा ठेव, उघड्या हवेत, आणि नाक लावून बघ, वास येतोय तोवर हेडफोन ठेवायचा नाही.

आंब्याचं लाकूड पण घेऊ नका कुणी नीट माहिती असल्याशिवाय. माझ्या त्याच स्टँडला पावसाळ्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली आणि खाली पिठासारखा भुगा पडायला लागला. कीड लाकडातच होती.

मिरजकर

नाद_ऐकणारा यांचं वाचून वाईट वाटलं. पण माझं म्हणणं असं की अशा छोट्या वस्तूला मेलामाईन मुळात नकोच. आमच्या मिरजेत सतारी तंबोरे करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या लाखेचं पॉलिश वापरत आलेत. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, जुन्या मऊ सुती कापडात कापसाचा बोळा बांधायचा, आणि त्या बोळ्यानं पातळ हात फिरवत राहायचं, एक थर वाळला की दुसरा. एक हात देऊन थांबायचं नसतं, आठ दहा पंधरा हात, मधे मधे अगदी बारीक पॉलिश पेपर. रंग जो येतो तो लाकडाच्या आतनं आल्यासारखा येतो. मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या आधीपासून लोक लांबून लांबून येतात ते ह्या हातासाठीच. गायकाच्या हाताला, गालाला, घामाला तंबोरा रोज लागतो आणि तरी तो पन्नास वर्षांनी पुन्हा बोळा फिरवून नवा करता येतो. मेलामाईनला ओरखडा पडला की सगळं खरवडून काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

स्पिरिट पटकन उडून जातं म्हणून वास पण राहत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, लाख पाण्याला आणि स्पिरिटला भिते. ओला कप ठेवला तर पांढरं वर्तुळ उठतं. सॅनिटायझर लावलेल्या हातानं धरू नका. आणि भर पावसाळ्यात पॉलिश करायला घेऊ नका, हवेतल्या ओलीनं थर दुधाळ पडतो. दिवाळीनंतर करा.

नाद_ऐकणारा

मिरजकर काका, लाख चांगलीच आहे, वाद नाही, पण केसांना खोबरेल लावणाऱ्यांच्या हेडबँडखाली ती टिकेल का? आमच्या घरात सगळेच लावतात. मला वाटतंय तेल पाजणं बरं, जवसाचं.

मिरजकर

खोबरेल वरच्या वर पुसून घेतलंत तर लाखेला काही होत नाही. तेल मुरतं ते कोऱ्या लाकडात, त्याला डाग पडतो आणि तो निघत नाही. जवसाचं तेल पाजायला हरकत नाही, सागावर छान उठतं, पण वाळायला फार दिवस घेतं आणि एक फार महत्त्वाचं सांगतो, ज्या फडक्यानं तेल लावाल ते चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, चुरगळलेल्या फडक्याच्या घडीत ती ऊब कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेतं. दोरीवर एकेरी पसरून बाहेर वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. सुतारांच्या दुकानांना अशा आगी लागतात.

मोल्डिंगवाला (उद्यमनगर)

बेसच्या वजनाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. सागाचा स्टँड सगळा मिळून किलोच्या आतबाहेर होतंय. २६० ग्रॅमच्या हेडफोनला पुरेल, पण ताईंनी सांगितल्यासारखा खांब मागं आणि खोगीर पुढं केलं किंवा उद्या ऑडेझीसारखा सहाशे ग्रॅमच्या घरातला हेडफोन घेतला तर वायरीचा एक हिसका बसला की पालथा पडणार. बेसच्या खाली गोल खोबण काढून त्यात बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची थाळी बसव. १२ सेंटीमीटर व्यासाची, एक सेंटीमीटर जाड थाळी साधारण आठशे ग्रॅम भरते. उद्यमनगरात कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर तोंड सपाट करून मिळेल, भंगारातल्या तुकड्यातनं पण होतंय, खालच्या तोंडाला नमदा, म्हणजे जाड लोकरी कापड चिकटवायचं म्हणजे टेबलाला ओरखडे नाहीत.

पण ह्यात एक गोष्ट जिवाला लावून घे. वर्कशॉपमधनं आणलेली थाळी तशीच हेडफोनजवळ आणायची नाही. त्याला बिडाची बारीक काळी पूड चिकटलेली असते, डोळ्याला दिसत पण नाही. हेडफोनच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागात चुंबक आहे आणि तुझा उघड्या पाठीचा हेडफोन, जाळीतनं पूड सरळ आत. एकदा ती आत पडद्याजवळ गेली की ठराविक सुरावर करकर करायला लागतो आणि ती पूड फुंकून निघत नाही, चुंबक सोडतच नाही तिला. माझं काम फाउंड्रीचं, मी घरी आल्यावर अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय हेडफोनला हात लावत नाही, आणि खोलीच्या खिडकीला जाळी आहे तरी रात्री स्टँडवर आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा पांघरून ठेवतो. थाळी आधी रॉकेलनं धू, पुसून रंग मार, मग बसव. रंग मारलेली थाळी पूड सोडत नाही आणि गंजत पण नाही.

खर्जातला_सा

मंडळी, इतकं सगळं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आज रविवारी दिवसभर चुंबक फिरवत बसलो. सतरा खिळे निघाले, त्यातले पाच वरनं अजिबात दिसत नव्हते. एक चौकोनी, हातानं घडवलेला, बोटाएवढा लांब. तो वेगळा ठेवलाय.

अजून एक विचारायचं होतं. खोगिरावर चामड्याची पट्टी लावावी का? कोल्हापुरात राहून कापसाची पट्टी लावायची म्हणजे मनाला पटत नाही.

धागा_वेणी (सुभाषनगर)

आमच्या घरात चपलांचंच काम आहे, म्हणून सांगते. लावा, पण कुठलंही नको. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा ह्यात कमावलेलं असतंय, ते चांगलंच, पण तळाचं म्हशीचं जाड कातडं कमानीवर वळणार नाही, वरच्या वेणीला वापरतात ते पातळ मऊ पाहिजे. आणि रंग न दिलेलं मागा. रंगवलेलं किंवा जास्त तेल दिलेलं घेतलं तर उन्हाळ्यात ते हेडबँडला लागतंय. आधी पांढरं ओलं फडकं घासून बघा, फडक्यावर रंग उतरला तर नको.

आणि लोखंडी चुका मारू नका. अशा कातड्याला ओल लागली की लोखंडाजवळ काळानिळा डाग पसरतोय, तो कायमचा. पितळी चुका मिळतात त्या वापरा, आणि त्या वरच्या तोंडावर नको, कमानीच्या खाली आतल्या बाजूला, म्हणजे हेडबँडला लागत नाहीत. आधी कातडं ओलं करून कमानीवर ताणून बांधून ठेवा, रात्रभरात वाळून त्याच आकाराचं होतंय, मग चिकटवा. आम्ही चपलेचं पण तसंच बसवतो.

ओपन_बॅक

ताई, हे ओलं करून बसवायचं मला माहीत नव्हतं, माझ्या स्टँडवरच्या पट्टीला मधे फुगवटा आलाय तो ह्याच्यामुळंच असणार. पुन्हा करते.

खर्जातला_सा

उशीर झाला, पण स्टँड झाला एकदाचा. मिरजकर काकांचं ऐकून दिवाळी होईपर्यंत थांबलो.

टिंबर मार्केटजवळ देव्हारे करणारे एक मिस्त्री भेटले, सत्तरीच्या पुढचे. हेडफोन नि पुठ्ठा घेऊन गेलो. त्यांनी आधी हेडफोन हातात घेतला, उलटासुलटा केला, कप ओढून बघितले, मग म्हणाले घालून दाखवा. घातला. ते माझ्याभोवती फिरून सगळीकडनं बघत राहिले आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलनं एक रेघ बदलली, म्हणाले कमान मधे थोडी चपटी पाहिजे, तुम्ही काढलीय तशी गोल केली तर फक्त मधेच टेकेल. बरोबर होतं त्यांचं. मग मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला, फोनवर मोगूबाई लावल्या. डोळे मिटून पूर्ण आलाप ऐकला त्यांनी. काही बोलले नाहीत, हेडफोन काढून दोन्ही हातांनी परत दिला आणि म्हणाले, मंगळवारी या.

रंधा मारल्यावर आतलं सागवान वखारवाले दादा म्हणाले तसंच निघालं, मधाच्या रंगाचं, आणि त्या वासानं मला एकदम आजोबांचं माजघर आठवलं, पाऊस पडायला लागला की तिथं हाच वास यायचा. खांब तीन सेंटीमीटर, मागं सरकवलेला. कूस हातानं दाबून बसली, मी समोर होतो. खांबाच्या एका बाजूला खिळ्याचं भोक राहिलंय, भोवती लोखंडानं काळं पडलेलं वर्तुळ, पावलीएवढं. मिस्त्रींनी विचारलं बुजवू का, मी नको म्हणालो. बेसखाली उद्यमनगरातनं करून आणलेली थाळी, धुवून रंगवून. लाखेचे अकरा हात त्यांनी आठ दिवसांत दिले. कातडं सुभाषनगरातनंच आणलं, ओलं करून बसवलं.

तीन आठवडे रिकामा ठेवायचा म्हणून समोर ठेवून नुसता बघत होतो. काल तीन आठवडे झाले.

पन्हाळ्याचा_वारा

नाद खुळा भावा! खर्च किती आला ते सांग की, माझ्याकडं पण जुन्या घराची एक चौकट पडलीय.

खर्जातला_सा

लाकूड घरचंच. आणि विकत घेतलं असतं तरी लाकडाचा खर्च फार नाही, सगळा स्टँड मिळून एक दशांश घनफूट सुद्धा लाकूड लागत नाही, कचरा धरून तेवढं होतं. मजुरी आणि पॉलिश मिळून मिस्त्रींनी अठराशे मागितले. मी अडीच हजार दिले, चार दिवस त्यांनी दुसरं काम बाजूला ठेवलं होतं. थाळीचे दीडशे, कातड्याचा तुकडा नि चुका मिळून दोनशे. चौकटीचं लाकूड असेल तर बिजागरीच्या जागचे स्क्रू आधी काढ, आणि चुंबक दोनदा फिरव, मी पहिल्या फेरीत तीन खिळे सोडले होते.

हेडबँडचा नवीन फोम मागवलाय, जुन्याचा खड्डा काही भरून येत नाही. तो आला की दोन्ही फोटो टाकतो.